वसईत मुक्कामाला येताय? आमच्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. तुम्ही आमच्याकडे खोली ठरवली आहे किंवा ठरवायच्या विचारात आहात, म्हणून हे पत्रक. आमचा व्यवसाय घरगुती आहे. वसई पश्चिमेला, वाडीत बांधलेल्या चार खोल्या आणि घरचं जेवण, एवढंच. मुंबईचे बरेच पाहुणे सकाळी येऊन संध्याकाळी परतायच्या बेतानं चौकशी करतात. त्यांना आमचं सांगणं असतं, निदान एक रात्र राहा. इथला बाजार सकाळी लवकर बघावा, किल्ला उन्हं चढायच्या आत आणि किनारा समुद्राच्या वेळेनं. हे सगळं एका दिवसात कोंबलं की अर्धा वेळ रिक्षातच जातो.

यायचं कसं

आधी कुठं जायचं ते ठरवा, मग स्टेशन. वसईचा किल्ला, सुरुची बाग आणि भुईगावसाठी वसई रोडला उतरा. राजोडी आणि कळंबच्या किनाऱ्यांना नालासोपारा पश्चिमेहून जाणं सोयीचं, अर्नाळ्याला विरारहून. आमच्याकडे यायला वसई रोड. पश्चिमेला बाहेर पडलं की पालिकेच्या बस आणि शेअर रिक्षा मिळतात. दिवा-पनवेलकडून येणाऱ्यांसाठी वसई रोडला थेट गाड्या आहेत, पण फेऱ्या मोजक्या, वेळ बघूनच निघा. भाईंदरहून यायचं असेल तर २०२४ पासून खाडीतून रो-रो बोट सुरू आहे. ती किल्ल्याजवळच्या जेटीला लागते आणि गाडीही सोबत आणता येते. लहान मुलं असतील तर हाच रस्ता धरा, मुलांना बोटीचीच जास्त मजा वाटते.

विरार लोकलची धास्ती घेऊ नका. कामाच्या दिवशी सकाळी गर्दी मुंबईकडे जाते, तुम्ही उलट दिशेनं येणार. परतताना संध्याकाळीही तसंच. फक्त संध्याकाळी सहा-सातला चर्चगेटहून बॅगा घेऊन विरार लोकलमध्ये चढायचा बेत करू नका.

किनाऱ्यावर जायची वेळ

पाहुणे सगळ्यात जास्त हिरमुसतात ते इथं. संध्याकाळी हौसेनं किनाऱ्यावर जावं आणि समुद्र पार लांब गेलेला असावा, मध्ये नुसता ओला चिखलवट पट्टा. कोळीवाड्यातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आगेमागे, म्हणून त्या संध्याकाळी पाणी लांब असतं. घरातलं कॅलेंडर बघून तारीख ठरवलीत तर उत्तम, नाहीतर आम्हाला विचारा.

किल्ल्याजवळची सुरुची बाग म्हणजे सुरूच्या झाडांची सावली आणि बसायला निवांत जागा. भुईगावचा किनारा मोठा, पोरांना क्रिकेट खेळायला भरपूर वाळू. अर्नाळ्याला समोरच्या बेटावर किल्ला आहे आणि तिथं बोटीनं जावं लागतं. ओहोटीला बोट अलीकडेच थांबते आणि गुडघाभर पाण्यातून चालावं लागतं. आजी-आजोबा बरोबर असतील तर पाणी चढलेलं असतानाच जा.

पोहायला मात्र समुद्रात उतरू नका, विशेषतः पावसाळ्यात आणि उधाणाच्या दिवसांत. पाणी वाळूवरून झपाट्यानं मागे-पुढे होतं आणि पायाखालची वाळू सुटते. डुंबायचंच असेल तर राजोडी, कळंब, नवापूर, अर्नाळा या पट्ट्यात रिसॉर्ट आहेत. तिथं दिवसभराच्या पैशात नाश्ता, जेवण, चहा आणि तरणतलाव मिळतो. आमच्याकडे तरणतलाव नाही. मुलांना तोच हवा असेल तर एक दिवस तिकडे जा आणि रात्री आमच्याकडे या.

किल्ला

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगिजांना दिली आणि त्यांनी इथं तटबंदीच्या आत अख्खं शहर वसवलं. चिमाजी आप्पांच्या फौजेनं मे १७३९ मध्ये ते घेतलं. आतमध्ये चिमाजी आप्पांचा पुतळा आहे, नागेश्वराचं मंदिर आहे आणि चर्चचे उंच पडके मनोरे आहेत. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये शिरलात की खाली बघत चाला. जमिनीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेले थडग्यांचे दगड आहेत, घाईत पाय पडून जातो. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर गेले आणि १८६२ मध्ये त्यांना संत घोषित केलं गेलं.

सकाळी सातच्या सुमाराला जा आणि निदान दोन तास हाताशी ठेवा. पाण्याची बाटली आणि पायात बूट हवेत. पावसाळ्यात गवत कमरेइतकं वाढतं, तेव्हा पायवाट सोडू नका. पडक्या जिन्यांवर चढू नका आणि भिंतींवर नावं कोरू नका, हे हात जोडून सांगणं.

खरेदी

कपडे, भांडी, मोबाईल यांसाठी स्टेशनजवळ अंबाडी रोड आहे, पूर्वेला नव्या वसाहतींमधून मोठी दुकानं आहेत. ती तुमच्या गावातही असतील. इथं यायचं ते वसई गावातल्या झेंडा बाजारात आणि पापडीच्या बाजारात. वाडीतली भाजी, केळी, अळू, फुलं आणि सुकी मासळी. सुके बोंबील घेताना एक मोडून बघा. कडक मोडला तर चांगला सुकलाय, नुसता वाकला तर दमट आहे, चार दिवसांत वास मारेल. घरी न्यायचे असतील तर दुहेरी पिशवीत बांधून घ्या, लोकलच्या डब्यात शेजारच्यांना त्रास नको.

आणि सुकेळी. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून दिवसेंदिवस उन्हात सुकवायची, की ती तांबूस, चिवट आणि मधासारखी गोड होतात. वर साखर लागत नाही. मेहनत फार आणि करणारी घरं कमी राहिली आहेत, म्हणून भाव ऐकून दचकू नका आणि घासाघीस करू नका. पावसाळ्यात ताजी मिळायची नाहीत. आमच्याकडे असतील तेव्हा नाश्त्याला देतोच.

आणखी एक दिवस असेल तर

नालासोपारा म्हणजे जुनं शूर्पारक. १८८२ साली पुरातत्त्वाचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला बौद्ध स्तूप खणला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात सापडला आणि नवव्याचा १९५६ मध्ये आमच्या भुईगावात. इतिहासाची आवड असलेल्यांनी स्तूप चुकवू नये. जागा शांत आहे आणि तिथं सहसा गर्दी नसते. विरारची जीवदानी डोंगरावर आहे, नवरात्र सोडून जा. तुंगारेश्वरचं अभयारण्य पावसाळ्यानंतर फिरायला छान. चिंचोटीच्या धबधब्यावर मात्र आम्ही कुणालाही पाठवत नाही. तिथं अनेक जीव गेले आहेत आणि पावसाळ्यात मनाईचे आदेशही निघतात.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा वेगळाच. गावागावांत नाताळचे गोठे आणि आकाशकंदील, जोडीला तालुक्याचा कला-क्रीडा महोत्सव. त्या दिवसांसाठी खोली दिवाळीच्या आधीच सांगून ठेवा.

आमच्याकडे राहताना

खोली दुपारी बाराला मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकराला सोडायची. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं. जेवण शाकाहारी की मासे, हे आदल्या संध्याकाळी कळवा, कारण मासळी सकाळी बाजारातून येते आणि जी ताजी मिळेल तीच शिजते. पापलेटच हवं असा हट्ट पुरवता येईलच असं नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या मासळीचं कालवण किंवा वाडीतली भाजी मिळेल.

आजूबाजूला लोक राहतात, पहाटे उठून फुलं तोडून मुंबईच्या बाजाराला निघतात. रात्री दहानंतर अंगणात गाणी लावू नका. वाडीत फिरायला हरकत नाही, फक्त झाडांच्या आळ्यांच्या मधून चाला आणि पानवेलीला हात लावण्याआधी विचारा. पाऊस फार झाला की सखल रस्त्यांवर पाणी भरतं आणि लोकल अडकते. अशा दिवशी निघण्याआधी आम्हाला फोन करा. रस्ता बंद असेल तर तारीख पुढे ढकलून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.