माजी सैनिकाला राखीव जागा मिळाली, आराखड्याचं काय?

अमेरिकेत सेवेमुळे अपंगत्व आलेल्या सैनिकाला पुन्हा कामाला लावायचं तर त्याचा लेखी आराखडा बनतो. तो वर्षातून किमान एकदा त्याला सोबत घेऊन तपासायचा, जमत नसेल तर नव्याने आखायचा, हे तिथल्या कायद्यातच आहे. 1918 च्या कायद्यापासून ही वाट सुरू झाली. 1980 च्या दुरुस्तीने तिला आजचं रूप दिलं.

आपली सुरुवातही त्याच काळातली, पहिल्या महायुद्धातली. जायबंदी सैनिकांना हातचं काम शिकवायला 1917 मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं. पुढे ते खडकीला गेलं, आजही तिथेच आहे. 1919 चं इंडियन सोल्जर्स बोर्ड म्हणजे माजी सैनिकांचं कल्याण बघणाऱ्या आजच्या केंद्रीय सैनिक बोर्डाचं मूळ. स्वातंत्र्यानंतर मात्र गाडी राखीव जागांच्या रुळावर गेली. 1979 च्या नियमांनी केंद्राच्या गट क मध्ये 10 आणि गट ड मध्ये 20 टक्के जागा ठेवल्या. वयात सूट मिळते ती सेवेची वर्षं अधिक तीन. महाराष्ट्रात 15 टक्के समांतर आरक्षण. (आणि हे नियम आहेत; संसदेने केलेला कायदा नव्हे.)

वाशीम किंवा यवतमाळकडच्या गावात जवान पेन्शनवर येतो तो पस्तिशी-चाळिशीत. पोरं शाळेत, वावर कोरडवाहू, भावाभावांत वाटलेलं. सरकारी जमीन मागायची सोय 1971 च्या जमीन विल्हेवाट नियमांत आहे. डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स जोडून अर्ज तहसीलला जातो. पण गावची ई-क्लास (सरकारी) जमीन म्हणजे बहुतेकदा चराई नाहीतर कुणाचं तरी जुनं अतिक्रमण. मिळालीच तर सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2. परवानगीशिवाय विकता येत नाही. उरतं डिफेन्स सिक्युरिटी कोअर, लष्करी ठिकाणांवर पहारा देणारं माजी सैनिकांचं दल, म्हणजे पुन्हा वर्दी, पुन्हा गार्ड ड्युटी. 2016 च्या मे महिन्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, तेव्हा मेलेल्यांत या दलाचे जवानही होते. नाहीतर नागपुरात एखाद्या बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायचं.

खरी गोची इथे आहे. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स असतात, पण निवड करायची ती बहुतेकदा निवृत्तीच्या आधी, युनिटमध्ये बसून. तेव्हा गावात पाणी किती, बाजार किती लांब, हे कोण बघतो? घरी आल्यावर कोर्स कामी आला का, हे विचारायला कोणी बांधलेलं नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवता येतं, नोकरीचा कॉल आला तर आला. माझ्या मते, टक्के वाढवून हे सुटणारं नाही.

2022 च्या अग्निपथ योजनेने प्रश्न आणखी तरुण केला. चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर कायम होतील. बाकीचे पंचविशीच्या आतबाहेर, पेन्शनविना, सुमारे 11.7 लाखांचा एकरकमी सेवा निधी घेऊन घरी येतील. लष्कराची पहिली तुकडी 2023 च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेली होती. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी 10 टक्के जागा जाहीर झाल्या. म्हणजे उत्तर पुन्हा टक्क्यांतच.