साबण-ब्रशची दाढी (इंदूर)

दुधारी ब्लेडचा रेझर किंवा वस्तरा, ब्रश आणि साबण वापरून ओल्या त्वचेवर केलेली दाढी. विजेच्या यंत्राची कोरडी दाढी, डब्यातून फवारला जाणारा आयता फोम आणि तीन-चार पात्यांची कार्ट्रिज यांच्याहून ती दोन बाबतींत वेगळी आहे. पाते एकच असते आणि फेस ज्याचा त्याला करावा लागतो. इंदूरच्या रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर भागांतल्या जुन्या मराठी घरांत ही पद्धत पूर्णपणे कधीच बंद पडली नाही. अलीकडे नातवंडे आजोबांचे रेझर ट्रंकेतून काढून वापरू लागली आहेत. रेझरवर पुष्कळ बोलले जाते, पाण्यावर फारसे कोणी बोलत नाही. इंदुरात दाढी बिघडते ती मात्र बहुतेक वेळा पाण्यामुळे, म्हणून या नोंदीत पाण्याला रेझरपेक्षा जास्त जागा दिली आहे.

घरच्या घरी रोज दाढी करणे ही तशी अलीकडची सवय. होळकरी अमदानीत वाड्यावर न्हावी येई. त्याच्या धोकटीत, म्हणजे हत्यारांच्या पिशवीत, वस्तरे, कात्री, नखे काढण्याची नराणी, धार लावण्याचा निसणा, चामड्याचा पट्टा, पितळी वाटी आणि आरसा असे. डोईचा घेरा राखणे, शेंडी सोडून बाकीचे डोके तासणे आणि दाढी ही सगळी कामे एकाच बैठकीत, ओट्यावर किंवा मागच्या अंगणात होत. त्यानंतर स्नान केल्याशिवाय घरात कोणाला शिवायचे नसे. दाढी आंघोळीच्या आधीच उरकायची ही आजची रीत त्यातूनच आली, आणि त्वचेच्या दृष्टीने तीत वावगे काही नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार टाळण्याचा नेमही काही घरांत अजून आहे. मुंज, श्राद्ध, तीर्थयात्रा या प्रसंगांचे क्षौर मात्र आजही न्हाव्याच्याच हातचे, मग ते घरी असो की ओंकारेश्वरच्या घाटावर. नाभिक समाजाचे संत सेना महाराज हे बांधवगडच्या राजाच्या पदरी होते आणि एकदा भजनात रमले असताना विठ्ठलाने त्यांचे रूप घेऊन राजाची दाढी केली, अशी आख्यायिका आहे. बांधवगड आज मध्य प्रदेशातच असल्याने इथल्या मराठी माणसाला ती कथा दुहेरी नात्याने आपली वाटते.

वस्तऱ्याला परजण्याचे कसब लागते. पट्ट्यावर पाते फिरवताना आधी पाठ जाते आणि धार मागून ओढली जाते; उलटे झाले तर पट्टाही कापतो आणि धारही लोळते. हे कसब नसलेल्या माणसाच्या हाती दाढी सोपवली ती सेफ्टी रेझरने. फणीसारखे संरक्षक दात असलेला रेझर अमेरिकेत काम्फे बंधूंनी १८८० मध्येच काढला होता, पण त्याचेही पाते पुन्हा पुन्हा परजावे लागे. किंग कॅम्प जिलेटने वापरून टाकून देण्याचे पातळ, दोन्ही बाजूंनी धार असलेले ब्लेड कल्पिले आणि विल्यम निकरसनने इतक्या पातळ पोलादाला टणक करून धार लावण्याचे तंत्र बसवले. १९०३ मध्ये ५१ रेझर आणि १६८ ब्लेड विकली गेली. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला आणि नोव्हेंबर १९०४ मध्ये पेटंटही मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना हे रेझर लाखोंनी वाटले गेले आणि रोज स्वतः दाढी करण्याची सवय ते घरी घेऊन गेले.

जुन्या रेझरचे इथे सापडणारे मुख्य प्रकार दोन. पहिला तीन तुकड्यांचा: वरची टोपी, मधली बैठक आणि दांडा. दुसऱ्यात दांड्याच्या बुडाची घुंडी फिरवली की वरची दोन झाकणे दारांसारखी उघडतात. १९५८ पासून जिलेटने ब्लेडची उघडीप कमीजास्त करता येणारा, १ ते ९ आकड्यांचा रेझरही विकला. अमेरिकी बनावटीच्या नगावर डोक्याच्या खालच्या बाजूला अक्षर आणि आकडा कोरलेला असेल तर तो बनावटीचा काळ असतो: ‘ए’ म्हणजे १९५५, ‘बी’ म्हणजे १९५६, असे पुढे, आणि आकडा म्हणजे वर्षाची तिमाही. सर्वांत उपयोगाची गोष्ट अशी की ब्लेडचे माप बदललेले नाही. सुमारे २२ गुणिले ४३ मिलिमीटर आणि जाडी एक दशांश मिलिमीटर. शंभर वर्षांपूर्वीच्या तीन खुंट्यांच्या रेझरमध्ये आज कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेले ब्लेड नीट बसते.

जुना रेझर हाती आला की घरातली पहिली सूचना चिंच नाहीतर पितळेची पूड लावण्याची येते. तसे करू नये. बहुतेक जुने रेझर पितळेचे असले तरी वर निकेलचा, क्वचित सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो आणि घासल्याबरोबर तो जातो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून रेझर तासभर बुडवून ठेवावा, मग दातांच्या मऊ ब्रशने सांधे साफ करावेत. वर्षांनुवर्षे वाळलेला साबण पापुद्र्यांनी सुटून येतो आणि खाली धातू बराच चांगला निघतो. टोपी आणि बैठक समांतर बसतात का हे ब्लेड लावून, उजेडासमोर धरून पाहावे. दोन्ही बाजूंनी धार सारखीच बाहेर दिसली पाहिजे. एका बाजूने जास्त दिसली तर रेझर कधीतरी पडला आहे असे समजावे. टोपीच्या खुंट्या वाकलेल्या असतील तर तो कपाटात ठेवण्यापुरताच.

जुन्या ब्रशच्या बाबतीत उलट सल्ला आहे: तो वापरू नये. पहिल्या महायुद्धाच्या काळात बिज्जूच्या (बॅजरच्या) केसांऐवजी निर्जंतुक न केलेले घोड्याचे केस घातलेल्या स्वस्त ब्रशांमुळे इंग्लंड-अमेरिकेत काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, होऊन माणसे दगावली होती. त्या रोगाचे बीजाणू कित्येक दशके टिकतात. ब्रश नवाच घ्यावा. डुकराच्या केसांचा ब्रश ताठ असतो आणि आधी भिजवावा लागतो. अनेक शाकाहारी घरांत तो चालत नाही. तिथे नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याचा ब्रश उत्तम काम देतो आणि लवकर वाळतोही.

दाढीचा साबण अंगाच्या साबणाहून वेगळा. त्यात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण मोठे असते आणि कॉस्टिक सोड्याबरोबर कॉस्टिक पोटॅश वापरलेले असते. त्यामुळे फेस दाट होतो, टिकतो आणि पाणी धरून ठेवतो. केसांना मऊ करण्याचे खरे काम पाण्याचे. फेस ते पाणी गालावर थोपवून धरतो आणि पात्याला घसरायला जागा देतो.

इंदूरची अडचण इथे सुरू होते. शहराला पूर्वी यशवंत सागर आणि बिलावली या तलावांचे पाणी मिळे. १९७८ मध्ये सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून नर्मदा आली. पण नळ बऱ्याच भागांत एक दिवसाआड येतो आणि मधली गरज बोरिंगवर भागते. माळव्याच्या काळ्या खडकातून वर येणारे बोरिंगचे पाणी दुष्फेन, म्हणजे जड, असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या स्टिअरिक आम्लाशी जोडले जाऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो. साबण फाटतो. वाटीत फेस वर येतो खरा, पण त्यात मोठे बुडबुडे असतात, गालावर लावताच तो विरतो आणि कडेला पांढरट कण दिसू लागतात. दोन वाट्यांत एकाच साबणाचा सारखाच तुकडा घासून, एकीत नर्मदेचे आणि दुसरीत बोरिंगचे पाणी घालून पाहावे. नर्मदेच्या वाटीत ब्रश उभा राहील असा फेस होतो. दुसरीत तितक्याच फेटण्याने ताकावरच्या फेसाहून दाट काही हाती लागत नाही. नवशिके दोष साबणाला देतात आणि महागडा विलायती साबण मागवतात. तोही त्याच पाण्यात फाटतो.

उपाय साधे आहेत. फेसाला लागते अर्धी वाटी पाणी, तेवढे नर्मदेचे भरून ठेवलेले घ्यावे. ते नसेल तर बोरिंगचे पाणी उकळून निवळू द्यावे. बायकार्बोनेटमुळे आलेले दुष्फेनत्व तळाशी पांढरे बसते. पिण्याचे आरओचे पाणीही चालते, पण त्या यंत्रातून वाया जाणारे पाणी मुळीच नको, कारण क्षार त्यातच गोळा झालेले असतात. लोटाभर पाण्यात अगदी थोडे लिंबूसत्त्व टाकले तर ते कॅल्शियम बांधून ठेवते. जास्त पडले तर आम्लामुळे साबणच फुटतो, तेव्हा हात आखडता हवा.

फेस करताना ब्रश झटकून घ्यावा, साबणाच्या वडीवर अर्धा मिनिट फिरवावा आणि मग वाटीत थेंबाथेंबाने पाणी वाढवत फेटावे. आधी लुकण, म्हणजे घट्ट चिकट लगदा, होते, मग बुडबुडे दिसतात, आणि आणखी थोडे पाणी घेतल्यावर बुडबुडे नाहीसे होऊन चकाकी येते. चकाकी आली की थांबावे. घाईची माणसे लुकणावरच थांबतात आणि गाल खरवडून घेतात.

चेहरा दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने ओला ठेवल्यावर रेझर त्वचेशी साधारण ३० अंशांत धरावा आणि फक्त त्याच्या वजनाने खाली येऊ द्यावा. दाब देण्याची सवय कार्ट्रिजमुळे लागते, ती इथे रक्त काढते. पहिला हात सुलटा, म्हणजे केस वळतील तसा. पुन्हा फेस लावून दुसरा आडवा. उलटा हात हौसेचा, आणि गळ्यावर तो टाळलेलाच बरा. तिथे केस जागोजागी वेगळ्या दिशेने वळतात आणि उलट्या हाताने आत वाढून पुटकुळ्या होतात. कंठमण्यावरची कातडी बाजूला ओढून घेतली की पाते अडखळत नाही.

ब्लेड चार-पाच दाढ्यांत बोथट होते. पोलादापेक्षा केस कितीतरी मऊ, तरी असे का, याचे उत्तर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दिले: धार नुसती झिजत नाही, तिरप्या पडलेल्या केसामुळे तिचे बारीक टवके उडतात. कलकत्त्याच्या मल्होत्रांचे टोपाझ, ठाण्याचे सुपरमॅक्स आणि सेव्हन ओ’क्लॉक ही नावे इथल्या दोन-तीन पिढ्यांच्या ओळखीची. कोणते ब्लेड चांगले यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दाढीचा राठपणा प्रत्येकाचा वेगळा असतो.

शेवटी थंड पाणी आणि तुरटी. किराण्याच्या दुकानात मिळणारा साधा खडा ओल्या गालावर फिरवला की बारीक कापल्याचे रक्त थांबते. जिथे जास्त झोंबते तिथे हात जड पडला, हेही त्याच वेळी कळते. खडा पुसून कोरडा ठेवावा.

दुधारी ब्लेड इंदुरात अजून गल्लोगल्ली मिळते याचे एक कारण सलून आहेत. कारागीर कागदासकट ब्लेड बोटांत वाकवून मधोमध मोडतो आणि अर्धे वस्तऱ्यासारख्या दांड्यात सरकवतो. रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा आणि एचआयव्हीचा धोका ध्यानात घेऊन ते आपल्यासमोर नवे मोडले जाते की नाही, हे पाहणे गिऱ्हाइकाचे काम आहे. घरातली वापरलेली ब्लेड कचऱ्यात सुटी टाकू नयेत. पत्र्याच्या डब्याला फट पाडून त्यात साठवावीत, आणि भरलेला डबा कचरा गाडीच्या सहा कप्प्यांपैकी घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात, तो कशाचा आहे हे गाडीवरच्या माणसाला सांगून द्यावा.