श्वासातून गेलेला किरणोत्सर्ग बॅजवर दिसत नाही: सांगली-मिरज, कराडच्या नव्या तंत्रज्ञांसाठी नोंदणीची माहिती

न्यूक्लियर मेडिसिन विभागात (जिथे किरणोत्सर्गी पदार्थ देऊन तपासणी आणि उपचार करतात) कामाला लागलेली मुलं-मुली पहिल्याच दिवशी विचारतात, "बॅज कधी मिळणार?" बॅज हवाच. पण टीएलडी बॅज, म्हणजे कामावर अंगावर लावायचा किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला, मोजतो तो अंगावर बाहेरून पडलेला किरणोत्सर्ग. श्वासावाटे फुफ्फुसात काय गेलं, हे त्याला कळत नाही. ती मात्रा, म्हणजे शरीराला बसलेला किरणोत्सर्ग, हिशेबाने काढावी लागते, आणि तो हिशेब तुमच्याच कागदांवरून होतो.

आधी नोंदणी. वय 18 पूर्ण हवं आणि न्यूक्लियर मेडिसिन तंत्रज्ञानातलं मान्य शिक्षण हवं. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा संकेतस्थळावर किरणोत्सर्ग व्यावसायिक म्हणून स्वतःची नोंदणी करायची. फोटो, ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा आणि प्रमाणपत्रं स्कॅन करून ठेवा. सगळं ऑनलाइन आहे, त्यासाठी मुंबईला फेरी मारायला नको. लग्नानंतर नाव बदललं असेल तर बदलाचा पुरावाही जवळ ठेवा. पुढे संस्था तुम्हाला आपल्या खात्याशी जोडून घेते.

बॅज मात्र स्वतःच्या नावाने परस्पर मागवता येत नाही. तो दवाखान्याचा किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी, म्हणजे आपला आरएसओ, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून मागवतो. कामावर घेतानाच्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल फाइलला लागतो. आधी दुसरीकडे काम केलं असेल तर जुना टीएलडी क्रमांक आणि मात्रेची नोंद न विसरता द्या. मर्यादा माणसाला असते, नोकरीला नाही: सलग 5 वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (मात्रेचं एकक), आणि कोणत्याही एका वर्षात 30 पेक्षा जास्त नाही. बाहेरची आणि आतली मात्रा मिळून ही मर्यादा आहे.

आता श्वासाचा हिशेब. खोलीतल्या हवेच्या एका घनमीटरात किती बेकरेल (किरणोत्सर्गी पदार्थ मोजायचं एकक) आहेत, हे हवेच्या नमुन्यावरून कळतं. हलकं काम करणारा माणूस तासाला साधारण 1.2 घनमीटर हवा घेतो, असं धरतात. समजा, आयोडीन-131 ची वाफ घनमीटरला 500 बेकरेल आहे आणि तुम्ही तिथे 2 तास होता. 500 गुणिले 1.2 गुणिले 2, म्हणजे 1,200 बेकरेल आत गेले. या वाफेच्या 10 लाख बेकरेलला सुमारे 20 मिलिसिव्हर्ट धरतात. म्हणजे तुमची मात्रा झाली 0.024 मिलिसिव्हर्ट. आकडा लहान आहे, पण तो मांडता आला तो वेळ आणि जागा लिहिलेली होती म्हणूनच.

सगळेच पदार्थ फुफ्फुसात सारखे थांबत नाहीत. आयोडीन रक्तात पटकन उतरून थायरॉइडकडे जातं, म्हणून तिथे गळ्यावर डिटेक्टर धरून मोजतात. न विरघळणारे बारीक कण वायुकोशांपर्यंत जाऊन महिनोन्‌महिने राहू शकतात आणि मात्रा फुफ्फुसालाच बसते. म्हणून पदार्थाचं नुसतं नाव लिहून भागत नाही. तो वाफ होता, फवारा होता की भुकटी, हेही लिहा.

फुफ्फुसाच्या व्हेंटिलेशन स्कॅनमध्ये रुग्णाला टेक्निशियम-99एम चा फवारा श्वासातून देतात. मास्क नीट बसला नाही तर तो खोलीत पसरतो. या टेक्निशियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा वेळ, 6 तास. 24 तासांनी त्याचा सोळावा भागच उरतो, आणि शरीरातून बाहेर पडतं ते वेगळं. "उद्या सकाळी सांगू" म्हणणाऱ्याची मोजणी त्यामुळे हातची जाते. असं झालं तर घरी जायच्या आधी आरएसओला लेखी कळवा: तारीख, घड्याळाची वेळ, पदार्थ, रुग्णाला तो किती दिला, खोली, किती मिनिटं आत होता, तोंडाला काय बांधलं होतं. पोच घ्या. मोजणी झाल्यावर तिच्या निकालाची प्रत मागून घ्या आणि ती बॅजच्या अहवालांसोबत स्वतःच्या फाइलमध्ये लावा.

गरोदर असाल तर ते आरएसओला लवकर कळवा. कळवल्यापासून उरलेल्या काळासाठी गर्भाची मर्यादा 1 मिलिसिव्हर्ट आहे, आणि फवाऱ्याच्या खोलीतलं काम त्याच दिवशी बदलून मागा.