म्हातारपण, शुगर आणि अंगातली उष्णता बाहेर टाकणं

अंगात तयार होणारी उष्णता कातडीवाटे बाहेर जात असते, वय वाढलं किंवा बरीच वर्षं शुगर असली की हे काम मंदावतं, त्याची ही नोंद. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जाणं नेहमीचंच, त्यामुळे हा प्रकार घरोघरी दिसतो, पण "आजोबांना ऊन बाधलं" एवढ्यावरच विषय संपतो.

उष्णता टाकायचे मोठे रस्ते दोन, कातडीकडे जास्त रक्त पाठवणं आणि घाम. कातडीचं तापमान साधारण ३३ ते ३५ डिग्री असतं, हवा त्यापेक्षा थंड असेल तर रक्तानं आणलेली उष्णता आपोआप हवेत निघून जाते. पण हवाच ४२ वर गेली की ती उलट अंगाला तापवायला लागते, मग उरतो फक्त घाम. तोही नुसता गळून भागत नाही, अंगावर वाळायला लागतो, १ लिटर घाम वाळताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सोलापूरची हवा कोरडी, घाम चटकन वाळतो, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट, पण मुळात सुटलाच नाही तर वाळणार काय?

वयाबरोबर घामाच्या ग्रंथी फारशा कमी होत नाहीत, एकेक ग्रंथी घाम कमी सोडते. कातडीतल्या रक्तवाहिन्याही तरुणपणीइतक्या फुलत नाहीत, तहान उशिरा लागते. "मला कुठं एवढं गरम होतंय" म्हणणारी आजी खोटं बोलत नसते, तिला खरंच उशिरा कळतं.

शुगरचा घोळ वेगळा. घामाच्या ग्रंथींना हुकूम देणाऱ्या बारीक नर्व्ह खराब होतात, सगळ्यात लांबच्या आधी, म्हणजे पायाच्या. पॉवरलूमच्या पत्र्याच्या शेडमध्ये जन्म काढलेले एखादे काका बघा, कपाळावरून धारा, कॉलर ओलीचिंब आणि चप्पल काढली तर तळवे खडखडीत, टाचांना भेगा. खाली बंद पडलेलं काम वरचं अंग करायला बघतं. काहींना तर साधा वरणभात खातानाही तोंडावर घाम फुटतो, घरचे म्हणतात तिखट लागलं. त्यात शुगर वाढलेली असली की लघवीवाटे पाणी जातं, शिवाय बीपीच्या काही गोळ्याही लघवी वाढवतात, म्हणजे घामाला पाणीच कमी. (गोळी मात्र मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं.)

चाळीसच्या वर नुसता फॅन म्हणजे गरम झोत. अंग ओलं करून फॅनखाली बसलं तर मात्र फरक पडतो, कारण घामाचं काम ते पाणी करतं. आपल्याकडे टॉवेलला काय तोटा, एक भिजवून पिळायचा आणि मानेवर-छातीवर टाकायचा, वाळला की परत भिजवायचा. माणूस बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं तर तो उष्माघात, मग थंड पाणी ओतत ओतत दवाखाना गाठायचा, घाम येतोय की नाही हे बघत बसायचं नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी अजून एक, गरमीत कातडीखालचं रक्त वाढतं, इंजेक्शन लवकर भिनतं आणि शुगर अचानक उतरू शकते, तेव्हाही दरदरून घाम सुटतो, आणि लोक त्याला उन्हाचा घाम समजून पंख्याखाली बसवतात. आणि दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी जाणारे शुगरवाले, पायाच्या नर्व्ह खराब झाल्यानं त्यातल्या बऱ्याच जणांना चटका कळतच नाही, घरी आल्यावर तळव्याला फोड दिसतो.