किरणोपचारातील परिचारिका

रेडिओथेरपीत आराखडा डॉक्टर ठरवतात, मात्रेचे गणित भौतिकतज्ज्ञ करतात आणि यंत्र तंत्रज्ञ चालवतात. परिचारिकेचे मुख्य काम म्हणजे सुरू झालेला उपचार मध्येच थांबू न देणे.

डोके-मानेच्या कर्करोगात रोज २ ग्रे (किरणमात्रेचे एकक), आठवड्यातून ५ दिवस, अशी ७० ग्रेपर्यंत मात्रा ७ आठवड्यांत देतात. खंड पडला की उरलेल्या कर्कपेशींना वाढायला सवड मिळते. अशा खंडाचे नेहमीचे कारण म्हणजे सोलवटलेले तोंड. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येते, गिळणे अवघड होते, वजन उतरते; मग उपचारावेळी डोके स्थिर धरणारा मास्क सैल पडतो आणि सीटी स्कॅन काढून आराखडा नव्याने करावा लागतो. म्हणून दर आठवड्याला वजन, दिवसातून ४ ते ६ वेळा मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि जेवणाआधी वेदनाशामक औषध. नळीने अन्न देण्याचा विषय गिळणे पूर्ण बंद होण्याआधीच काढावा. दातांची तपासणी तर उपचारापूर्वीच उरकावी. किरण मिळालेल्या जबड्यातील दात नंतर काढल्यास हाड सडण्याचा धोका असतो.

त्वचा कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन टिपून कोरडी करतात, चोळत नाहीत. किरणांची जागा दाखवणाऱ्या मार्किंगच्या रेघा पुसट झाल्यास रुग्णाने घरी त्या स्वतः गिरवू नयेत. त्वचा सोलून ओल आली, तर न चिकटणारे ड्रेसिंग लावतात. उपचार संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे त्रास वाढू शकतो. हे आधी सांगितले नसेल, तर रुग्ण घाबरतो.

ओटीपोटाच्या उपचारात मूत्राशय रोज सारखेच भरलेले लागते. लघवी करून ठरलेले पाणी, बहुधा अर्धा लिटरच्या आसपास, प्यायचे आणि ठरलेला वेळ थांबायचे. मूत्राशय भरले की आतडी वर सरकतात व किरणांपासून वाचतात. लघवीला जळजळ होते म्हणून पाणी कमी पिणाऱ्यांवर लक्ष ठेवावे.

बाहेरून किरण घेतलेला रुग्ण किरणोत्सारी होत नाही. घरी लहान मूल असल्यास ही शंका हमखास येते. शरीरात किरणोत्सारी स्रोत ठेवलेल्या ब्रॅकीथेरपीत मात्र खबरदारी हवी: वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये शिशाचा आडोसा. लहान स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते. परिचारिका अंगावर पडलेली किरणमात्रा मोजणारा टीएलडी बॅज लावते. गर्भवती परिचारिकेला हे काम देत नाहीत. चादर बदलताना स्रोत निसटलेला दिसल्यास त्याला हात लावायचा नाही. लांब चिमट्याने उचलून खोलीतल्या शिशाच्या डब्यात टाकायचा आणि किरण सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवायचे. स्रोत हरवला असल्यास तो सापडेपर्यंत चादरी, ड्रेसिंग, कचरा यांतले काहीही खोलीबाहेर जाऊ द्यायचे नाही.