सैनिकी शेतवसाहती

सेवा संपलेल्या सैनिकाला निवृत्तिवेतनाऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, कसायला जमीन देऊन वसवण्याची प्रथा. ती जवळजवळ सैन्याइतकीच जुनी आहे. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने तिचे फायदे उघड असतात. खजिन्यावरचा भार हलका होतो, लढाईची सवय जडलेली बेकार माणसे राजधानीपासून दूर जातात आणि सीमेवर भरवशाची वस्ती उभी राहते. या हिशेबात शेतीचा विचार बहुधा सर्वांत शेवटी झाला, आणि वसाहतींचे यशापयशही बरेचसे त्यावरच ठरले.

नांगर सोडून युद्धावर गेलेला आणि शत्रूचा पाडाव होताच पुन्हा नांगराकडे परतलेला सिन्सिनाटस (इ.स.पू. ४५८) हा रोमनांचा आदर्श. प्रत्यक्षातले चित्र इतके सात्त्विक नव्हते. फिलिपीच्या लढाईनंतर (इ.स.पू. ४२) सैनिकांना दिलेला शब्द पाळण्यासाठी इटलीतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेतल्या गेल्या, एकाचे पुनर्वसन म्हणजे दुसऱ्याचे विस्थापन. पुढे सम्राट ऑगस्टसने जमिनी विकत घेऊन आणि प्रांतोप्रांती नगरे वसवून हा प्रश्न हाताळला. स्पेनमधले मेरिदा हे त्यांपैकी एक, स्थापना इ.स.पू. २५. त्याच्या मूळ नावातला ‘एमेरिता’ हा शब्द सेवा पूर्ण केलेल्या सैनिकांवरूनच आला. अखेर इ.स. ६ मध्ये स्वतंत्र सैनिकी खजिना काढून त्याने रोख रकमेची वाट धरली. चीनमध्ये सेनापती त्साओ त्साओने इ.स. १९६ पासून पडीक जमिनींवर सरकारी शेतवसाहती वसवल्या, त्या मात्र फौजेच्या धान्यासाठी.

महाराष्ट्रात उलटा प्रकार दिसतो. मावळा शेतकरीच होता. पावसाळ्यात शेती आणि दसऱ्याला सीमोल्लंघन, अशी वर्षाची विभागणीच असे. शिवाजी महाराजांचा भर जमिनी तोडून देण्यापेक्षा रोख वेतनावर होता. वतनदारीचे दुखणे त्यांनी जवळून पाहिले होते.

ब्रिटिश काळात पंजाबच्या कालवे वसाहतींत ही प्रथा फार मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. चिनाब, झेलम आणि पुढे लोअर बारी दोआब या कालव्यांखाली आलेल्या माळरानाचे चौकोनी तुकडे, म्हणजे ‘मुरब्बे’, पाडून माजी सैनिकांनाही वाटण्यात आले. झेलम वसाहतीत तर सैन्यासाठी घोडे पैदा करण्याची अटही होती. पाणी खात्रीचे असल्याने शेती पिकली. बिनसले ते मालकीवरून. वारसाहक्कावर बंधने घालणारे आणि अटभंगाला दंड लावणारे विधेयक आले तेव्हा १९०७ मध्ये ‘पगडी संभाल जट्टा’ चळवळ पेटली. लाला लजपतराय आणि अजितसिंग यांना मंडालेला हद्दपार करण्यात आले. पण गावाकडचा असंतोष पलटणींत शिरेल ही धास्ती सरकारला होतीच, आणि व्हाइसरॉय मिंटो यांनी विधेयकाला संमती नाकारली. जमीन देऊन बांधून घेतलेला सैनिक सरकारलाही बांधून घेतो, हे तेव्हा दिसले.

पहिल्या महायुद्धानंतरची ऑस्ट्रेलियातली योजना हे प्रथेचे सर्वांत बोलके अपयश. हजारो सैनिकांना उधारीवर जमिनी मिळाल्या. तुकडे कुटुंब जगवायला लहान, बरेचसे कोरडवाहू, काहींवर तर आधी झाडी तोडायची. हाताशी भांडवल नाही, अनेकांना शेतीचा अनुभव नाही, कित्येकांच्या अंगात युद्धातल्या जखमा. त्यात शेतमालाचे भाव कोसळले. न्यायमूर्ती पाइक यांच्या १९२९ च्या अहवालाने हीच कारणे नोंदवली आणि सरकारी तोटा सुमारे २ कोटी ३५ लाख पौंड असल्याचे दाखवले. व्हिक्टोरियातील रेड क्लिफ्स ही द्राक्षबागांची वसाहत मात्र तग धरून राहिली, कारण तिथे मरे नदीचे पाणी उपसून दिले जात होते. युद्धात लढलेल्या आदिवासी सैनिकांपैकी फारच थोड्यांना जमीन मिळाली. ती मुळात त्यांच्याच पूर्वजांची होती, हे वेगळे सांगायला नको.

न्यूझीलंडच्या मांगापुरुआ खोऱ्यात तर तिथे वसवलेल्या सैनिकांसाठी पक्का पूल १९३६ मध्ये बांधून झाला तोवर बहुतेक कुटुंबे निघून गेली होती. १९४२ मध्ये खोरे रिकामे झाले. जंगलाच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या काँक्रीटच्या पुलाला ‘कुठेही न नेणारा पूल’ म्हणतात. आता तो पाहायला पर्यटक जातात.

दुसऱ्या महायुद्धानंतर या चुकांमधून थोडे शिकले गेले. ऑस्ट्रेलियाने निवड कडक केली आणि तुकडे मोठे ठेवले. अमेरिकेत १८१२ च्या युद्धातल्या सैनिकांना १६० एकर जमीन देण्याची पद्धत होती. २२ जून १९४४ च्या माजी सैनिकांसाठीच्या कायद्याने मात्र शेतीसाठी कर्जहमी आणि प्रशिक्षण दिले. वर्गात धडे, उरलेला वेळ प्रत्यक्ष शेतावर आणि दरमहा निर्वाहभत्ता, अशा पद्धतीने सुमारे ७ लाख माजी सैनिक शेती शिकले. कृष्णवर्णीय सैनिकांना कर्ज मिळवताना मात्र पदोपदी नकार सोसावे लागले.

स्वतंत्र भारतात तराईचे जंगल तोडून निर्वासितांबरोबर माजी सैनिकही वसवले गेले. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी ‘जय जवान, जय किसान’ म्हणून दोघांची नावे जोडली. घोषणेत ते दोन वेगळे लोक होते, पुष्कळ घरांत मात्र सख्खे भाऊ.

वसाहतीबाहेर, आपल्याच गावी परतून शेतीच्या प्रश्नाला हात घालणारा माजी सैनिक हा या प्रथेचा दूरचा नातेवाईक म्हणता येईल. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे सैन्यात वाहनचालक होते. १९७५ मध्ये निवृत्त होऊन ते गावी आले, तेव्हा गाव दुष्काळी आणि दारूभट्ट्यांसाठी कुप्रसिद्ध होते. त्यांनी आधी गावातले देऊळ दुरुस्त करवले, मग समतल चर, नालाबांध आणि पाझर तलावांची कामे श्रमदानाची जोड देऊन उभी केली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आली, धान्यबँक निघाली. विहिरींना पाणी लागल्यावरही गावाने उसासारखी पाणी पिणारी पिके न घेण्याचे ठरवले.