रोजच्या प्रार्थनेतील लोकसमूह : विदर्भातील एका प्रथेची पार्श्वभूमी

यवतमाळ, अमरावती, वाशीम किंवा बुलढाणा जिल्ह्यांतील खेड्यांत राहणाऱ्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांच्या संध्याकाळच्या उपासनेत अलीकडे एक ठरलेला भाग असतो. शास्त्रपाठ झाला, गीत झाले, घरच्या आजारपणासाठी आणि पिकापाण्यासाठी प्रार्थना झाली, की ज्यांच्यापर्यंत ख्रिस्ताची सुवार्ता पोहोचलेली नाही किंवा फारच थोडी पोहोचली आहे, अशा एखाद्या लोकसमूहाचे नाव घेऊन त्याच्यासाठी मध्यस्थीची प्रार्थना केली जाते. ते नाव कधी मध्य आशियातील एखाद्या जमातीचे असते, कधी राजस्थानातील एखाद्या समाजाचे, आणि कधी कोलाम या आदिवासी जमातीचे, ज्यांचा पोड, म्हणजे वस्ती, त्याच गावापासून कोस-दोन कोसांवर असतो. ही प्रथा बाहेरून आलेल्या छापील पत्रकांमुळे रुजली असे सहज वाटते आणि ते काही अंशी खरेही आहे. परंतु तिच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा याच भूमीतून गेला आहे.

दररोज एक वचन आणि दररोज जगासाठी प्रार्थना ही जोडी जुनी आहे. जर्मनीतील हेर्नहूट येथे काउंट झिन्झेनडॉर्फ यांच्या आश्रयाने वसलेल्या मोरेव्हियन बंधुमंडळीने १७२७ मध्ये पाळीपाळीने चोवीस तास प्रार्थना करण्याची साखळी सुरू केली आणि ती शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. वर्षातील प्रत्येक दिवसासाठी एक वचन देणारे त्यांचे पुस्तक १७३१ पासून छापले जाऊ लागले व ते आजही निघते; आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १७३२ मध्ये, याच लहानशा वसाहतीतून कॅरिबियन बेटांवरील गुलामांकडे पहिले मिशनरी निघाले. घरातील मनन आणि दूरच्या माणसाविषयीची काळजी या दोन गोष्टी तेथे वेगळ्या नव्हत्या. इंग्लंडमध्ये बाप्टिस्ट धर्मोपदेशक विल्यम कॅरी यांनी १७९२ मध्ये जी पुस्तिका लिहिली, तिच्यात जगातील देश, त्यांची अंदाजे लोकसंख्या आणि त्यांचे धर्म यांचे तक्ते दिले होते. माहिती समोर ठेवून प्रार्थना करावी हा आग्रह त्या तक्त्यांमागे होता, आणि आजच्या प्रार्थनापत्रकांचे मूळ मला तेथे दिसते. कॅरी दुसऱ्याच वर्षी बंगालमध्ये आले, आणि श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला.

वर्षारंभी अनेक मराठी मंडळ्यांत जो प्रार्थना सप्ताह पाळला जातो, त्याचा उगम तर भारतातच आहे. १८५७ च्या उठावानंतरच्या अस्वस्थ काळात, १८५८ मध्ये, लुधियाना येथील अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी जगभरच्या ख्रिस्ती लोकांना एकाच आठवड्यात प्रार्थनेसाठी जमण्याचे आवाहन केले. जानेवारी १८६० मध्ये असा पहिला सप्ताह पाळला गेला आणि पुढे तो दरवर्षीचा झाला.

या काळात विदर्भ स्वतः इतरांच्या प्रार्थनेचा विषय होता. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. त्यांचे नाव आज नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयामुळे लोकांना ठाऊक आहे, पण या विषयासाठी त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे आहे. गोंड समाजात परधान हे परंपरेने कथा गाणारे लोक. हिस्लॉप यांनी अशा परधानाकडून गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याची दीर्घ कथा ऐकली, मूळ गोंडी शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले आणि त्यांचा अर्थ लावला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून ते बोरीकडे परतत असताना, वाटेतल्या ओढ्याला पूर आलेला होता आणि तो ओलांडताना ते बुडाले. त्यांच्या मागे राहिलेले हे कागद मध्य प्रांताचे ब्रिटिश प्रशासक रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केले. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची भाषा, त्यांची गाणी, त्यांच्या पूर्वजांच्या कथा आधी लक्ष देऊन ऐकाव्यात, ही शिस्त हिस्लॉप यांच्या त्या टिपणांत आहे, आणि ती पुढच्या सर्वांना साधली असे म्हणता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात अनेक मिशने आली : अकोल्याच्या बाजूस अलायन्स, यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट, मेळघाटच्या पायथ्याशी एलिचपूर (आजचे अचलपूर) परिसरात कोरकू आदिवासींमध्ये काम करणारी मंडळी, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बुलढाण्याकडे नाझरीन. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी या कामाचे स्वरूप बदलले, कारण उपदेशापेक्षा अन्न आणि अनाथ मुलांची सोय आधी करावी लागली. पंडिता रमाबाईंनी १८९७ मध्ये मध्य प्रांतातील दुष्काळी भागातून मुलींना आपल्या आश्रयाला नेले. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ मध्ये जे आत्मिक जागरण झाले, त्याआधी काही महिने मुली रोज नेमाने प्रार्थनेसाठी जमत होत्या. दुष्काळातून वाचलेल्या मुली स्वतः इतरांसाठी प्रार्थना करणाऱ्या झाल्या, हे त्या इतिहासातील फार मोठे वळण आहे. मराठी घरात या प्रार्थनेला सूर मिळाला तो मात्र रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या अभंगांमुळे आणि भजनांमुळे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचण्यास सांगितले होते आणि १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

देशांऐवजी लोकसमूहांची नावे घेऊन प्रार्थना करण्याची पद्धत कोठून आली, याचे उत्तर शोधताना पुन्हा मध्य प्रांतातच यावे लागते. या पद्धतीमागचा विचार मांडणारे अमेरिकन मिशनरी डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा जन्म १८९७ मध्ये दमोह येथे झाला. नागपूर ज्याची राजधानी होती, त्याच प्रांतातले हे गाव. त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे याच प्रांतात, विशेषतः छत्तीसगडात, काम केले. माणूस एकटा नसतो, तो आपल्या नातेवाइकांत, जातीत, बोलीत जगतो, आणि विश्वासाची वाटही बहुधा त्याच नात्यांमधून जाते, असे त्यांनी १९५५ मध्ये आपल्या पुस्तकात मांडले. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे भरलेल्या जागतिक सुवार्ताप्रसार परिषदेत अमेरिकन मिशन-अभ्यासक राल्फ विंटर यांनी हाच विचार पुढे नेला : एखाद्या देशात मंडळ्या असल्या तरी त्याच देशातील शेकडो समाजांपर्यंत कोणीही गेलेले नसते, कारण भाषा आणि सामाजिक अंतर मध्ये उभे असते. त्यानंतर अशा समाजांच्या याद्या, दिवसागणिक प्रार्थनेची पत्रके आणि १९९५ पासून जोशुआ प्रोजेक्ट या संस्थेची जगातील लोकसमूहांची नोंदवही आली. तिच्या निकषानुसार ज्या समूहात सुवार्तानिष्ठ ख्रिस्ती दोन टक्के किंवा त्याहून कमी आणि एकूण ख्रिस्ती पाच टक्के किंवा त्याहून कमी असतात, तो समूह अप्राप्त, म्हणजे सुवार्ता न पोहोचलेला, मानला जातो.

या विचारावर भारतातील अनेक ख्रिस्ती विचारवंतांनी आक्षेप घेतला, आणि तो मला गंभीर वाटतो. जातीच्या भिंती तशाच ठेवून मंडळ्या उभ्या केल्या, तर ख्रिस्तात सर्व एक आहेत या शिकवणीचे काय होणार? ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह जातिव्यवस्थेकडे पाठ फिरवली, त्या परिसरात हा प्रश्न टाळता येत नाही. त्याच वर्षी मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीचा मिशनरी कामाविषयीचा अहवालही आला, आणि तेव्हा विदर्भ त्याच राज्यात होता. त्या अहवालात परदेशी मिशनऱ्यांविषयी कठोर शिफारशी होत्या. त्याच्या सर्व निष्कर्षांशी सहमत होता येत नसले, तरी आमिष किंवा दडपण यांचा लवलेशही नसावा ही जबाबदारी त्याने प्रत्येक मंडळीवर अधिक स्पष्टपणे टाकली, हे मान्य करावे लागते. प्रार्थनेत तर दडपणाला जागाच नाही. तिच्यात माणूस देवाकडे मागतो, शेजाऱ्यावर काही लादत नाही.

पुढच्या काळात नेतृत्व भारतीय हाती आले. १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला हलेपर्यंत ती कापसाच्या त्या गावात निरनिराळ्या भाषांच्या तरुणांना शिकवत राहिली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तमिळनाडूत १९५९ मध्ये प्रार्थनागट म्हणून सुरू झालेल्या फ्रेंड्स मिशनरी प्रेयर बँडसारख्या संस्थांनी दाखवून दिले, की साध्या पगारदार आणि शेतकरी घरांच्या नियमित प्रार्थनेवर आणि छोट्या देणग्यांवर देशातलेच कार्यकर्ते देशात पाठवता येतात.

आज वेचणीच्या दिवसांत दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाया हातपाय धुऊन बसतात, घरातले शाळकरी पोर भ्रमणध्वनीवरून त्या दिवसाच्या समूहाचे नाव आणि दोन ओळींची माहिती वाचून दाखवते, आणि आजी वऱ्हाडीत प्रार्थना करते. दूरच्या एखाद्या समूहासाठी त्या दोन ओळी पुरतात. कोलाम, कोरकू किंवा माडिया यांच्यासाठी मात्र त्या फार अपुऱ्या आहेत, कारण महाराष्ट्रात कोलाम आणि माडिया गोंड विशेष दुर्बल आदिम जमातींत मोडतात, कोरकूंची भाषा मुंडा कुळातील असून मराठी किंवा गोंडीशी तिचे नाते नाही, आणि मेळघाटातील कुपोषण व आदिवासी वस्त्यांतील सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार यांच्याविषयी एकही शब्द अशा पत्रकांत बहुधा नसतो. काही मंडळ्यांतील भगिनी मंडळांनी म्हणून पत्रकातील नावाखाली स्वतःचे विषय लिहायला सुरुवात केली आहे : पोडावरचा कोरडा पडलेला हातपंप, आश्रमशाळेतून मध्येच घरी परतलेली मुलगी, वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे. पुढच्या आठवड्यात त्यांतील कोणत्या विषयाचे काय झाले याची विचारपूस करायला त्यांच्यापैकी कोणी तरी त्या पोडावर जाऊन येते, आणि त्या दिवशीची प्रार्थना त्या माहितीने सुरू होते.